कुंपणाच्या आतला कळप

२५ ऑक्टोबर, शनिवार

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. उजाडता उजाडताच स्लेट डोंगराकडून बार ऐकू यायला लागले. इथे जन्म गेला, त्याचं नवल नाही. कॉफी ठेवली, मागच्या खिडकीचा पडदा सारला आणि हात पडद्यावरच राहिला.

वरच्या कुंपणावरून एल्क आत येत होत्या, घोड्याएवढाली ती हरणं. एक उडी, दुसरी, तिसरी, आणि मग मोजता येईना. माद्या तारेवरून, पाडसं तारेखालून घुसत, अंगावरचे केस तारेला सोडत. मागून नर, शिंगं पाठीवर टाकून. सगळा उतार तांबूस झाला. आयुष्यभर या जनावरांच्या शेजारी राहिले आहे. संध्याकाळी दहा-बारा दिसायच्या, कान जरा हलला की गायब व्हायच्या. दिवसाढवळ्या, शेकड्यांनी, माझ्या परसात? कधीच नाही. कॉफी उतू जाऊन करपली, तेव्हा कुठे भानावर आले.

आत आल्यावर त्या थांबल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, धापा टाकत. तोंडातून वाफा. वर अजून बार चाललेच होते. एकीनंही मान वळवून पाहिलं नाही. त्यांना माहीत होतं, इथे काही होणार नाही.

कसं माहीत होतं? मी फाटकाला साखळी लावली ती गेल्या आठवड्यात. माझा नवरा मर्ल असताना फाटक सताड उघडं असायचं, गावातलं कुणीही यावं, शिकार करावी, जाताना याच्या पाठीवर थाप मारावी. एप्रिलमध्ये मर्ल गेला. यंदा मला या रानात बंदुकीचा आवाज नको आहे, एवढंच. लोक म्हणतात आर्डिस दुःखात आहे म्हणून असं करते. दुःखाचा यात काही संबंध नाही.

दिवसभर खिडकीतून हलले नाही. जेवायचं राहिलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. डोरीन नेहमी शेजारी बसते, आज दोन बाक मागे. ती शाळेत स्वयंपाक करते, आम्ही चौथीपासूनच्या मैत्रिणी. बाहेर तिला गाठलं.

"काय गं, मला खरूज झाली आहे का?"

"तुझ्याकडे सगळा डोंगर रिकामा होऊन बसलाय म्हणे," ती म्हणाली. "काल आमचा पोरगा अंधारातून चढला, अंधार पडेपर्यंत फिरला. वर लेंडीसुद्धा ताजी नाही."

"मी बोलवायला गेले नव्हते."

"नाही. तू नुसतं फाटक लावलंस."

हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला हसू आलं होतं ते तिथंच वाळलं. एका साखळीनं माणसं एवढी बदलतात?

२९ ऑक्टोबर, बुधवार

वेंडेल आला. रस्त्याच्या पलीकडे त्याचं रान, मर्लचा जुना दोस्त, लग्न केलंच नाही. म्हणे वरचं कुंपण बघायचं आहे. सोमवारी पण कुंपणच बघायला आला होता. एवढं कुंपण त्याच्या स्वतःच्या रानाला नाही. सोबत भाजलेल्या बटाट्यांचं भांडं. मला स्वयंपाक येत नाही असं या माणसाला का वाटतं कोण जाणे. आज दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. गावात काही काम असावं.

"आर्डिस, या तुझं रान खाऊन टाकतील."

"खाऊ देत. गुरं विकली, गवत कुणासाठी ठेवू?"

"मर्ल म्हणायचा, एल्क म्हणजे पाहुणा. एक रात्र बरा."

"मर्ल पुष्कळ काही म्हणायचा."

तो खुर्ची ओढून बसला. मग कॉफीचे दोन कप पिऊन गेला. कुंपणाकडे फिरकला नाही.

कळपात एक म्हातारी मादी आहे. डावा कान फाटलेला, गळ्यात सरकारी पट्टा. तिनं मान वर केली की सगळ्या माना वर होतात, ती चरायला लागली की सगळ्या चरतात. शाळेतल्या बाईंसारखी. मी तिला 'बाई'च म्हणते.

२ नोव्हेंबर, रविवार

बर्फ. चर्चला गेले नाही.

पाडसं खुरांनी बर्फ उकरत होती. बघवेना. ट्रॅक्टर काढला आणि रस्त्यालगतच्या खालच्या कुरणात लसूणघासाचे चार गठ्ठे सोडून आले. खालचं कुरण स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसतं म्हणून तिथे. बाईनं आधी दुरून वास घेतला. मग आली. माझ्यापासून गोठ्याच्या दाराएवढ्या अंतरावर उभी राहून खाल्लं. मी श्वास रोखून उभी. एवढं मोठं रानटी जनावर, आणि मला भ्यालं नाही.

घरात येऊन रडले. थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वन्यजीव खात्यातून एक तरुण मुलगी आली, मारिसेला नावाची. आमच्या 'बाई'च्या गळ्यातला पट्टा हिनंच घातलेला. त्या पट्ट्यामुळे एल्क कुठे आहेत हे तिला घरबसल्या कळतं. मी आनंदानं तिला खिडकीशी नेलं, कळप दाखवला. तिचा चेहरा पाहून मला वाटलं हिला बरं नाही.

"मिसेस कोल्सरुड, तुम्ही गवत घालता?"

"थोडं. बर्फ पडल्यापासून."

"रोज?"

"भूक रोज लागते, मुली."

ती खुर्चीत बसली. मग जे बोलली ते इथे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल मी स्वप्नात ऐकलं.

म्हणाली, या माद्या शिकतात. लहानपणी ज्या चुका करतात त्या मरतात, ज्या शिकतात त्या म्हाताऱ्या होतात. बाईएवढ्या वयाची मादी सहसा शिकाऱ्याच्या हाती लागतच नाही. पहिला बार झाला की ती सरकारी जंगल सोडते आणि जिथे बंदूक नाही तिथे जाऊन उभी राहते. कुठलं कुंपण कुणाचं हे तिला तुमच्या-आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. तिच्यामागून तरुण माद्या येतात, त्या तिच्याकडून शिकतात, त्यांची पाडसं त्यांच्याकडून.

"मग बरंच आहे की. इथे सुखरूप आहेत."

"वर स्लेटच्या उतारावर गुडघाभर गवत उभं आहे, वाऱ्यानं बर्फ उडून उघडं पडलेलं. यांच्या हक्काचं हिवाळी रान. तिथे एकही नाही. सगळ्या इथे, एकमेकींच्या लाळेतलं खात, रस्त्याच्या कडेला. एकीला रोग झाला तर सगळ्यांना. गवत घालणं कायद्यातही बसत नाही."

"त्या माझ्याकडे येतात," मी म्हटलं. आवाज चढला असावा. "मी हाकलू?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग हळू म्हणाली, "त्या तुमच्याकडे येत नाहीत. त्या तिकडून पळतात."

कपाळावर दगड बसावा तसं झालं. पोरीचं वय काय, बोलते काय. दारापर्यंतही सोडायला गेले नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गवत बंद. घ्या. कायदा म्हणजे कायदा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ट्रॅक्टर का निघत नाही हे त्यांना कळत नाही. सकाळपासून खालच्या तारेशी येऊन घराकडे तोंड करून उभ्या असतात. मी पडदा ओढून घेतला आहे.

रस्त्यावर शिकाऱ्यांच्या पिकअप गाड्यांची रांग लागली आहे. कोण कोण आहे ते मुद्दाम पाहत नाही. रस्त्यापलीकडे सरकारी जमिनीचा अरुंद पट्टा आहे, तिथे कुणीही शिकार करू शकतं. पण त्या पट्ट्यावर खायला काडी नाही, एल्क तिकडे कशाला जातील? पट्ट्याच्या पुढे वेंडेलच्या गवताच्या गंज्या.

वेंडेल आला. आज भांडं नाही.

"मला साखळीची किल्ली दे. मी आणि आणखी दोघं, पायी. खालून वर जातो, एखाद-दुसरी मारतो. बाकीच्या डोंगर चढतील. अशा खाली थांबल्या तर काहीतरी भयंकर होईल, आर्डिस."

"शेवटी तुलाही मारायचंच आहे."

"मी असं म्हणालो?"

"एखाद-दुसरी म्हणालास."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. "बारा वर्षं झाली मला शेवटची मारून," म्हणाला आणि गेला. हे मला सांगायचं काय कारण?

१५ नोव्हेंबर, शनिवार

अक्षर लागलं नाही तर नाही.

सकाळी दाट धुकं. पडदा उघडून पाहिलं तर खालचं कुरण रिकामं. एकदम रिकामं. गेल्या डोंगरावर, असं वाटून बरंही वाटलं आणि रागही आला. तेवढ्यात धुकं फाटलं आणि दिसलं, बाई खालची तार ओलांडून रस्त्यावर उभी. मागे सगळा कळप. वेंडेलच्या गंज्यांकडे तोंड.

रस्ता ओलांडून त्या सरकारी पट्ट्यावर उतरल्या.

पहिला बार कुणी काढला माहीत नाही. दुसरा ऐकूच आला नाही, कारण मग सगळे एकदम झाले. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. मी घरातल्या चपलांवर बर्फातून धावत सुटले. कळपाला कळेना कुठे जायचं. पुढच्या मागे फिरल्या, मागच्या पुढे दाटल्या, आणि सगळा कळप तिथल्या तिथे गरगर फिरायला लागला, भोवऱ्यासारखा. आणि त्या भोवऱ्यात माणसं गोळ्या घालत होती. नेम नाही, काही नाही. नारिंगी जाकिटांची रांग, गाड्यांची दारं उघडी, कुणी बॉनेटवर कोपर टेकवून, कुणी धावता धावता. एक मादी पुढच्या पायांवर ओढत चालली होती, मागचं अंग नव्हतंच तिचं. एका पाडसानं उडी मारली आणि उडीतच ते मेलं.

मी ओरडत होते. काय ओरडत होते आठवत नाही.

ही सगळी ओळखीची माणसं. चर्चमध्ये भरदार आवाजात गाणारा मनुष्य. मर्लच्या शवपेटीला खांदा देणारा एक. आणि डोरीन. माझी डोरीन, गुडघा टेकून, गालाला बंदूक, तोंड वाकडं झालेलं. मी तिचं तोंड असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि वेंडेल. त्याची हिरवी पिकअप पार रांगेच्या पुढे, पट्ट्यावर, कळपाला जवळजवळ चिकटून. कळप आणि बाकीची माणसं यांच्या बरोबर मध्ये. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत जवळ. हॉर्न एकसारखा दाबून धरलेला, जनावरं आणखी बिथरावीत म्हणून. मग दार उघडून बाहेर आला, दोन्ही हात वर, तोंड उघडं. बंदूक दिसली नाही, पण त्या गोंधळात काय दिसणार होतं? मला त्याचं तोंड दिसलं, तेवढं पुरे. बारा वर्षं म्हणे.

मग एकदम थांबलं. बाई कुठून तरी वाट काढून उलटी फिरली आणि उरलेल्या तिच्यामागून रस्ता ओलांडून माझ्या कुरणात परत आल्या. पट्ट्यावर बर्फ लाल. माणसं एकमेकांकडे पाहत उभी, झोपेतून उठवल्यासारखी. एकजण ओकत होता. दोघं एका मादीवरून भांडत होते, तुझी का माझी.

माझ्या पायांत एकच चप्पल होती. ते आत्ता कळलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

ओढ्याशी एक मादी पडलेली मिळाली. खालचा जबडा गोळीनं नेलेला. कालपासून जिवंत. शेजारी तिचं पाडस, मला पाहून चार पावलं सरकलं, गेलं नाही.

खात्याला फोन केला. मारिसेला म्हणाली, वॉर्डन येतोय, पण रस्ते घसरडे आहेत, दुपार होईल. मी म्हटलं, दुपारपर्यंत ही अशी पडून राहणार? तिनं जखम कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाली, "तुम्हाला जमेल?"

मर्लची रायफल कपाटातून काढली. वडिलांनी मला नेम धरायला शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते, हात विसरत नाहीत. कानामागे नळी टेकवली. तिनं डोळा फिरवून माझ्याकडे पाहिलं. या रानात यंदा बार होणार नव्हता. तो पहिला बार मी केला.

पाडस पळालं. मग थांबलं आणि आई उठते का पाहत राहिलं. मी बर्फात बसून राहिले.

गवत बंद केलं म्हणून हे झालं असं त्या पोरीच्या मनात आहे, फोनवर कळत होतं. तिनंच तर बंद करायला सांगितलं. शिवाय बंदुका काही मी चालवल्या नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वेंडेल दारात. कपाळावर चिकटपट्टी, गाडीच्या बाजूच्या काचेचा चुरा झालेला, तिथे पुठ्ठा लावलेला. धावपळीत आदळली असेल कुठे. बरं झालं.

"मी पाहिलं तुला," मी म्हटलं. "सगळ्यांच्या पुढे."

तो काही बोलायला गेला, मग नुसता बघत राहिला. "पाहिलंस?" म्हणाला. "मग पाहिलंस."

"मर्ल असता तर त्यानं तुला—"

"मर्ल असता तर त्यानं फाटक उघडलं असतं, आर्डिस."

मी दार लावलं. जोरात. तो पायरीवर बराच वेळ उभा होता, सावली दिसत होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डोरीन आली. मी दार उघडणार नव्हते, पण ती मागच्या दारानं येते, चौथीपासून.

कोट न काढता बसली. मीही बस म्हटलं नाही.

"मला बोलू दे, मग हाकलून दे," ती म्हणाली. "तीन नातवंडं आहेत माझ्या घरात. हिवाळाभर आम्ही एल्कच खातो, तुला माहीत आहे. तीस वर्षं तुमच्याच रानातली. तू फाटक लावलंस तेव्हा एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी साखळी पाहिली, तेव्हा मला कळलं."

"म्हणून तू—"

"म्हणून काही नाही! म्हणून असं होत नाही." तिनं टेबलावर मूठ आपटली. "मी एकीवर नेम धरला. एकच. नीट, खांद्यामागे. खाली तीन पडल्या. माझी कुठली, दुसऱ्याच्या कुठल्या, कुणालाच माहीत नाही. आणि मी थांबले नाही गं, आर्डिस. बंदूक परत भरली. कशासाठी? माझ्याकडे परवाना एकीचा. मी का भरली?"

तिला पाणी दिलं.

"वेंडेलनं केलं तसं, बघून बघून," मी म्हटलं. "तो पुढे घुसला, तुम्ही सगळे मागून."

तिनं ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच डोकं फिरलंय असं वाटलं.

"काय बोलतेस? त्यानं गाडी मध्ये घातली, बाई! आमच्या आणि त्यांच्या मध्ये. आम्हाला थांबवायला. हॉर्न आमच्यासाठी वाजवत होता. बाहेर येऊन 'बास करा, बास करा' म्हणून ओरडत होता, दोन्ही हात वर करून. त्याच्याजवळ बंदूकच नव्हती. मी त्याला शिवी दिली. आधी हो बाजूला, म्हाताऱ्या, म्हणाले."

"आणि काच?"

डोरीननं तोंड झाकून घेतलं.

"ती गोळी कुणाची होती यावर गावात कुणी बोलत नाही. माझी नव्हती असं मी रोज देवाला सांगते. तो ऐकून घेतो. उत्तर देत नाही."

ती गेल्यावरही मी तशीच उभी होते. काचेचा पुठ्ठा डोळ्यांसमोरून जाईना. मी म्हटलं होतं, बरं झालं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वेंडेलच्या गोठ्यात गेले. तो गाईच्या खुराला औषध लावत होता. उठला नाही.

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू दार लावलंस."

"दाराबाहेरून सांगायचं."

"बाहेर थंडी होती," तो म्हणाला. गाय सुद्धा कान टवकारून बघत होती. मग त्यानं बोळा खाली टाकला. "तुला माझ्याबद्दल ते खरं वाटलं, आर्डिस. एका क्षणात. ते ऐकल्यावर पुढं काय सांगायचं, सुचलं नाही."

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही. त्यानं मान हलवली, मग बादली पालथी घालून मला बसायला दिली.

तिथे बसून मी विचारलं, जे इतके दिवस कुणाला विचारलं नव्हतं. "वेंडेल, त्या तुझ्या गंज्यांकडे का निघाल्या?"

तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला. सांगणार नाही असंच वाटलं मला.

"चांगल्या वासाची सवय लागली होती त्यांना," शेवटी म्हणाला. "आणि रोजची वेळ टळली होती."

एवढंच. तो मला दोष देत नव्हता, म्हणून जास्त लागलं. घरी येताना पट्ट्यावरून आले. बर्फ अजून तांबडा आहे. खिडकीतून मला नीट दिसावं म्हणून मी गवत रस्त्याकडेला टाकलं. मला दिसावं म्हणून. घर रिकामं होतं म्हणून. हे सगळं मला कुणीतरी महिनाभर आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? सांगितलं होतं की.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कळप खालच्या कुरणातच आहे. मला हे कळतच नाही. एवढं होऊन, त्याच तारेशी, त्याच जागी. लंगड्या, रक्त सुकलेल्या. बाई घराकडे तोंड करून उभी.

मारिसेलाला बोलावलं. या वेळी कॉफी दिली, केक दिला. विचारलं, "यांना अक्कल नाही का? इथेच मेल्या ना?"

"इथे नाही मेल्या. रस्त्यापलीकडे मेल्या. कुंपणाच्या आत आल्यावर बार थांबले. त्यांनी तेवढंच शिकून घेतलं, की आत बरं." तिनं केकची बशी बाजूला सारली. "आता त्या कुंपण सोडणारच नाहीत. उद्या रविवार, मग पुढचा शनिवार-रविवार. माणसं येत राहतील. भूक लागली की त्या पुन्हा ओलांडतील."

"मग काय करायचं?"

"आत बरं नाही हे त्यांना कळायला हवं. एक बार आतच, खालून, रस्त्याच्या बाजूनं. वर मोकळं सोडायचं. पण ते दुसऱ्या कुणाला करता येणार नाही, मिसेस कोल्सरुड. रान तुमचं आहे."

ओरडून, गाडी घेऊन हाकलू, मी म्हटलं. ती म्हणाली, करून बघा. दिवसभर करून पाहिलं. मी ट्रॅक्टरवर बसले तर त्या ट्रॅक्टरमागून आल्या. गवत मिळेल म्हणून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वेंडेल रस्त्यावर गाडी आडवी लावून उभा राहिला, कुणी मध्ये येऊ नये म्हणून. डोरीन ओढ्याच्या बाजूला, नुसती भांडं आणि पळी घेऊन. बंदूक मी तुझ्यासमोर हातात घेणार नाही, म्हणाली.

परवाना दोघांचा मर्लच काढायचा. यंदा कुठल्या सवयीनं मी माझा काढला होता देव जाणे.

मी रस्त्याकडून चालत निघाले, उघड्यावरून, लपले नाही. त्यांनी मला पाहिलं. कान पुढे केले. कुणी हललं नाही. बाई तर दोन पावलं माझ्याकडे आली. हिच्याजवळ गवत असतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डाव्या हाताला एक भाकड मादी उभी होती, पाडस नसलेली. मारिसेलानं सांगितलं होतं, तशी निवड.

खांद्याला रायफल लावली तरी त्या उभ्याच. माणसानं असं हातात काही धरलं की पळायचं, हे वर डोंगरात शिकल्या होत्या त्या. माझ्या रानात विसरल्या होत्या. मीच विसरायला लावलं होतं.

चाप ओढला.

मादी जागच्या जागी बसली. कळप थिजला. बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज कुठून आला हे तिला समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी एक गोष्ट पाहिली, ती मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्या डोळ्यांत मी बदलले. तिच्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत.

मग ती भुंकली, एकदाच, कुत्र्यासारखी, जशा त्या धोका दिसला की भुंकतात. सगळा कळप वळला. डोरीननं भांडं बडवलं, मी ओरडत मागे धावले, आणि त्या उताराला लागल्या. वरची तार ओलांडताना बर्फाचा नुसता धुरळा. ओढ्याशी आई गेलेलं पाडस एका दुसऱ्या मादीच्या कुशीला लागून धावत होतं. तारेखालून गेलं.

गुडघे टेकून बसले. वेंडेल आला आणि बाजूला बसला. मग आम्ही तिघांनी मिळून मादी सोलली. मांडी आणि पाठ डोरीनच्या घरी जाईल. ती नको म्हणाली, मी म्हटलं, "गप्प बस, पोरांना भूक लागते."

संध्याकाळी वेंडेल जायला उठला, बसला, पुन्हा उठला. मी विचारलं, गाडी बिघडली आहे का. तो इतका लाल झाला की मलाच हसू आलं. आणि मग एकदम कळलं. महिनाभराचं कुंपण, बटाटे, इस्त्रीचा शर्ट. मी खुर्चीतच बसले. या वयात एकाच महिन्यात माणसाला किती धक्के द्यायचे?

"सूप उरलंय," मी म्हटलं. "बस."

३० नोव्हेंबर, रविवार

हंगामाचा शेवटचा दिवस. मारिसेलाचा फोन आला. कळप स्लेटच्या उतारावर आहे, उघड्या गवतात, दोन-तीन तुकड्यांत पांगलेला. उन्हाळा आल्यासारखं ती पोरगी बोलत होती.

चर्चहून येऊन मी वर चढले, जिथून उतार दिसतो तिथपर्यंत. दम लागला. खाली सगळं पांढरं, मध्ये कुठे कुठे तांबूस ठिपके. दुर्बिणीतून गळ्यातला पट्टा दिसला, फाटका कान दिसला. बाई चरत होती. आम्हा दोघींमध्ये एवढी मोठी दरी होती की माझी हाकही पोचली नसती.

वारा फिरला. माझ्या पाठीवरून तिच्याकडे गेला. तिनं मान वर केली. मग सगळ्यांनी केली.

तिनं मला ओळखलं. इतक्या दुरून, नुसत्या वासानं. आणि ती पळाली. सगळ्या तिच्यामागून, कड्याआड, एक सुद्धा मागे राहिली नाही.

काळजात धस्स झालं, आणि तेवढ्यातच आनंद झाला. दोन्ही एकदम कसे झाले ते मला सांगता येणार नाही. रिकाम्या उताराकडे बघत मी ओरडले, "पळा! लांब पळा!"

मग खाली आले. थंडी फार होती.